घरच्या स्विमिंग पूलसाठी जंतुनाशक निवडताना: मागे काय उरतं ते आधी बघा

पूलचं औषध घ्यायला गेलं की समोर बरीच डबडी येतात. निळ्या झाकणाचा लिक्विड क्लोरीनचा कॅन, 'टीसीसीए ९०' लिहिलेली गोळ्यांची बरणी, दाणेदार पावडर, शिवाय कोणीतरी 'मिठाचं मशीन बसवा, क्लोरीनच नको' असंही सांगतं. मग प्रश्न येतो तो 'यातलं जास्त कडक कुठलं?' हा. खरं तर या प्रश्नाच्या उत्तराने निवड होत नाही. क्लोरीनचं कुठलंही औषध पाण्यात विरघळलं की त्यातून जंतू मारणारा पदार्थ एकच निघतो, हायपोक्लोरस आम्ल. ते आपलं काम करून संपतं, पण औषधातला उरलेला भाग पाण्यातच साठत राहतो. कुणाचं स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा पदार्थ) उरतं, कुणाचा चुना, कुणाचं मीठ. सहा महिन्यांनी पूल निवळशंख राहतो की हिरवा पडतो, ते या साठणाऱ्या भागावर ठरतं. म्हणून औषध निवडताना त्याच्यामागे काय उरतं आणि ते आपल्या पूलला चालेल का, हे पाहायचं.

आधी पूलचं पाणी मोजा

लिटर माहीत नसतील तर पुढचा सगळा हिशेब अंदाजपंचे होतो. चौकोनी पूलसाठी लांबी × रुंदी × सरासरी खोली मीटरमध्ये घ्या आणि १,००० ने गुणा. उथळ बाजू १ मीटर, खोल बाजू १.८ मीटर आणि तळ सरळ उतरता असेल तर सरासरी १.४ मीटर. ८ × ४ मीटरचा असा पूल म्हणजे साधारण ४५,००० लिटर. गोल पूलसाठी व्यास × व्यास × खोली × ०.७८५, मग पुन्हा १,००० ने गुणायचं. खोली मोजताना भिंतीची उंची घेऊ नका, पाण्याची पातळी घ्या. इथेच बऱ्याच जणांचं दहा-पंधरा टक्के चुकतं.

पुढचं सूत्र पाठ करून टाका: १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन टाकलं की पातळी १ पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढते. म्हणजे आपल्या ४५,००० लिटरच्या पूलला १ पीपीएमसाठी ४५ ग्रॅम क्लोरीन लागतं. ते मिळवायला १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन ४५० मिली घालावं लागेल, ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट (दाणेदार पावडर) ७० ग्रॅम, टीसीसीए ९० च्या गोळ्या असतील तर ५० ग्रॅम आणि ५६ टक्क्यांचं एसडीआयसी (हेही दाणेदार, त्याबद्दल पुढे येतं) ८० ग्रॅम. 'कडक' औषध म्हणजे एवढंच, कमी वजनात जास्त क्लोरीन. पाण्यातल्या जंतूला ते कुठल्या डब्यातून आलं याने फरक पडत नाही.

आणखी चार गोष्टी लिहून ठेवा: पूलवर ऊन किती तास असतं, पाणी किती गरम राहतं, आतलं अस्तर कशाचं आहे (टाइल्स, प्लास्टर, फायबर की व्हिनाइल लायनर), आणि भरायला वापरता ते पाणी जड (कॅल्शियम जास्त असलेलं) आहे की हलकं. या चार उत्तरांत अर्धी निवड होऊन जाते.

ऊन, पीएच आणि स्टॅबिलायझर

मोकळं क्लोरीन कडक उन्हात टिकत नाही. संरक्षण नसेल तर तासाभराच्या आतच त्यातलं निम्मं उडून जातं. म्हणून उघड्यावरच्या पूलमध्ये सायन्युरिक आम्ल घालतात, त्यालाच बाजारात स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. ते क्लोरीनला सैल धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. पण धरून ठेवलेलं क्लोरीन जंतूंवर हळू काम करतं. स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम असेपर्यंत हा सौदा परवडतो. त्याच्या वर गेलं की उन्हापासून मिळणारं संरक्षण फारसं वाढत नाही, क्लोरीनची धार मात्र बोथट होत जाते.

म्हणून मुक्त (घाम-घाणीशी बांधलं न गेलेल्या) क्लोरीनची योग्य पातळी हा एक ठरीव आकडा नाही, ती स्टॅबिलायझरवर अवलंबून आहे. व्यवहारात चालणारा हिशेब असा: मुक्त क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवं. स्टॅबिलायझर ३० असेल तर सव्वादोन पीपीएम पुरे, ५० असेल तर पावणेचार, आणि १०० झालं की साडेसात. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने सांगितलेली तळाची मर्यादा स्टॅबिलायझर नसताना १ पीपीएम आणि असताना २ पीपीएम आहे. ती मर्यादा जंतूंपुरती बघितलेली आहे. शेवाळ रोखायचं तर वरचा हिशेब धरावा.

पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. स्टॅबिलायझर असेल तर हा उतार बराच सौम्य होतो, पण पीएच चढल्यावर डोळे चुरचुरणं आणि क्षारांचा थर बसणं काही चुकत नाही.

क्लोरीन बरोबर पातळीला असलं तरी सगळे जंतू एका झटक्यात मरत नाहीत. १ पीपीएम मुक्त क्लोरीन, पीएच ७.५ आणि २५ अंश सेल्सिअस अशा पाण्यात ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात, जिआर्डिया या परजीवीला ४५. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो. जुलाब होत असलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणं म्हणूनच गरजेचं आहे. या बाबतीत कुठलंही औषध तुम्हाला सोडवणार नाही.

गोळ्या: सगळ्यात सोयीच्या आणि सगळ्यात जास्त पूल बिघडवणाऱ्या

टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोर. २०० ग्रॅमची पांढरी गोल गोळी फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात, टाकली की ती सावकाश विरघळते आणि रोज मोजून घालायची कटकट राहत नाही. यात ९० टक्के क्लोरीन असतं आणि कोरड्या जागी ती वर्षभर आरामात टिकते. सोय खरीच आहे, पण प्रत्येक गोळीबरोबर स्टॅबिलायझरही पाण्यात उतरतं: दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम.

उन्हाळ्यात पूल रोज २ पीपीएम क्लोरीन खातो असं धरा. महिन्याला झाले ६० पीपीएम, म्हणजे आपल्या पूलला ३ किलो टीसीसीए, पंधरा गोळ्या. त्यातून स्टॅबिलायझर वाढलं ३६ पीपीएम. ३० पासून सुरुवात केली असेल तर दोन महिन्यांत शंभर ओलांडलं. बाष्पीभवनाने ते कमी होत नाही, क्लोरीनसारखं उडून जात नाही. पाणी बाहेर काढलं तरच ते बाहेर जातं. मग तिसऱ्या महिन्यात नेहमीचा प्रसंग येतो: टेस्ट किट ३ पीपीएम क्लोरीन दाखवतं, पीएच बरोबर आहे, तरी पायऱ्यांच्या कोपऱ्यात हिरवी बुळबुळ धरते. दुकानदार शेवाळनाशक देतो, चार दिवस बरं दिसतं, पुन्हा तेच. क्लोरीन होतं, पण त्या स्टॅबिलायझरला पुरेल इतकं नव्हतं.

अशा वेळी उपाय एकच, पाणी बदलणं. स्टॅबिलायझर १२० वरून ४० वर आणायचं तर किमान दोन तृतीयांश पाणी काढावं लागतं, ४५,००० लिटरमधलं ३०,००० लिटर. तेही एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने. पूल पूर्ण रिकामा केला आणि खाली भूजलाची पातळी वर असली तर सबंध हौद जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो, आणि व्हिनाइल लायनर रिकाम्या हौदात आकसतो.

गोळ्यांची दुसरी बाजू आम्लतेची. ट्रायक्लोरचं पाणी पीएच ३ च्या आसपास असतं. गोळी कधीही स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत ठेवू नका. पंप बंद असताना टोपलीत आंबट, क्लोरीनने भरलेलं पाणी साठतं आणि पंप सुरू झाला की ते एकगठ्ठा फिल्टरमध्ये आणि हीटरच्या तांब्याच्या नळीत जातं. ते तांबं मग पूलच्या भिंतीवर हिरवट-निळसर डाग होऊन दिसतं. गोळी थेट तळाला पडली तर लायनरवर पांढरा गोल कायमचा उमटतो. गोळ्या वापरणाऱ्यांनी अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारे पाण्यातले क्षार) १०० ते १२० पीपीएम ठेवावी आणि ती दर आठवड्याला तपासावी, कारण ती सारखी खाली ओढली जाते.

आमचं स्पष्ट मत: ट्रायक्लोर हे तुम्ही गावाला गेलेले असतानाचं औषध आहे. आठवडाभर कुणी नसणार असेल तर १४ पीपीएमची सोय लागते, म्हणजे ७०० ग्रॅम, साडेतीन गोळ्या. स्टॅबिलायझर साडेआठने वाढेल, तेवढं चालतं. परत आलात की फ्लोटर बाहेर काढा.

एसडीआयसी, म्हणजे डायक्लोर, हे याचंच दाणेदार भावंड. झटपट विरघळतं, पीएच फारसा हलवत नाही, पण स्टॅबिलायझर ट्रायक्लोरपेक्षाही जास्त देतं, १० पीपीएम क्लोरीनमागे ९. नवीन भरलेल्या पूलमध्ये पहिले ३० पीपीएम स्टॅबिलायझर चढवायला ते उत्तम. वारंवार पाणी बदललं जाणाऱ्या छोट्या फुगवायच्या पूललाही बरं. रोजच्यासाठी नको.

लिक्विड क्लोरीन

सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, १० ते १२.५ टक्क्यांचं. उघड्यावरचा पूल असेल आणि घरात रोज पाच मिनिटं देणारं कुणी असेल, तर पहिली पसंती यालाच द्यावी. मागे उरतं ते फक्त मीठ. महिन्याला ६० पीपीएम क्लोरीन घातलं तर सुमारे १०० पीपीएम मीठ वाढतं. ते जिभेला कळायलाही बराच काळ जावा लागतो.

'लिक्विडने पीएच चढतो' हे अर्धसत्य आहे. कॅनमधलं द्रावण फार अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३, त्यामुळे घातल्या घातल्या पीएच वर जातो. पण क्लोरीन खर्ची पडताना तितकीच आम्लता तयार होते आणि हिशेब जवळजवळ फिटतो. तरीही पीएच हळूहळू चढत असेल तर बहुधा कारंजं, धबधबा किंवा जास्त अल्कलिनिटीमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतोय. अल्कलिनिटी ७० ते ९० वर आणा, म्हणजे चढण मंदावते.

याचा खरा दोष टिकण्यात आहे. उन्हात आणि उकाड्यात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत लक्षणीय उतरतो, आणि जितकं तीव्र द्रावण तितकं लवकर. तीन-चार आठवड्यांपुरतंच घ्या, पॅकिंगची तारीख बघा, सावलीत उभा ठेवा. झाकणाला वायू सुटायला बारीक छिद्र असतं, म्हणून कॅन आडवा पडला की गळतोच. कपड्यांसाठीचं सुवासिक किंवा घट्ट ब्लीच पूलमध्ये घालू नये, त्यात फेस आणणारे पदार्थ असतात.

घालायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पंप सुरू ठेवा आणि पाणी पूलमध्ये परत येतं त्या रिटर्नच्या तोंडासमोर, पृष्ठभागाच्या अगदी जवळून बारीक धारेने ओता. उंचावरून ओतलं तर शिंतोडे कपड्यांवर पांढरे डाग पाडतात. पुढे किमान अर्धा तास पंप चालू द्या.

लिक्विडमध्ये स्टॅबिलायझर नसतं, ते वेगळं घालावं लागतं, पण हंगामात एकदाच. ३० पीपीएमसाठी आपल्या पूलला १,३५० ग्रॅम. जुन्या मोज्यात भरून रिटर्नसमोर टांगा आणि अधूनमधून हाताने चुरगाळा. ते फार सावकाश विरघळतं, टेस्टमध्ये पूर्ण दिसायला आठवडा जातो. तेवढ्यात 'कमी दिसतंय' म्हणून पुन्हा घालू नका.

कॅल्शियम हायपोक्लोराइट

६५ ते ७० टक्क्यांची दाणेदार पावडर. ही साधी ब्लीचिंग पावडर नव्हे. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन याच्या निम्म्याहूनही कमी असतं आणि बाकी बराचसा चुना, जो पूलच्या तळाला गाळ होऊन बसतो.

कॅल्शियम हायपो स्टॅबिलायझर वाढवत नाही, पाण्याचा जडपणा वाढवतं: १० पीपीएम क्लोरीनमागे ७ पीपीएम, म्हणजे आपल्या महिन्याच्या हिशेबात ४२. भरायचं पाणी हलकं असेल आणि आतून प्लास्टर किंवा टाइल्स असतील तर हा फायदाच आहे. कॅल्शियम कमी असलेलं पाणी सांध्यांमधलं सिमेंट खातं, तिथे २०० ते ४०० पीपीएम जडपणा हवाच असतो. पण नळाला किंवा बोअरला आधीच ३५० असेल तर दोन महिन्यांत पाण्याच्या रेघेवर खरखरीत पांढरा पट्टा आणि हीटरमध्ये पोपडे तयार. तिथे हे औषध घेऊच नका.

विरघळवायची पद्धत महत्त्वाची. स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पाणी घ्या, मग त्यात जास्तीत जास्त शंभर ग्रॅमच्या आसपास पावडर हळूहळू सोडा. क्रम उलटा कधीही नको; पावडरवर पाणी ओतलं की ती तापून उसळते. प्लास्टिकच्या दांड्याने ढवळा आणि वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या. पाणी आधी दुधाळ दिसतं, मग वरचं निवळत जातं आणि तळाला बारीक पांढरा साका बसतो. वरची निवळ तेवढी पूलमध्ये सोडायची, साका नाही. थेट भुरभुरलं तर दाणे तळाला जाऊन रंगावर आणि लायनरवर पांढरे ठिपके पाडतात.

मिठाचं मशीन

मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतं हा गैरसमज आधी काढून टाका. मशीनच्या सेलमधून (धातूच्या पट्ट्या असलेल्या भागातून) खारट पाणी जाताना विजेने त्यातून क्लोरीनच तयार होतं, फक्त कॅन उचलावा लागत नाही. रोज थोडं थोडं आणि सारखं मिळत राहिल्यामुळे पाणी एका पातळीवर राहतं, हा त्याचा मोठा गुण.

मीठ साधारण ३,००० पीपीएम लागतं. ४५,००० लिटरला १३५ किलो, त्यातून आधीच पाण्यात असलेलं मीठ वजा करा. मीठ ९९ टक्क्यांहून शुद्ध हवं, आयोडीन आणि गुठळ्या न होण्याची पावडर नसलेलं. ते उडत नाही, बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणं) आणि शिंतोड्यांतून जाईल तेवढंच पुन्हा घालायचं. सेल घेताना ताशी किती ग्रॅम क्लोरीन देतो ते विचारा. रोजची गरज ९० ग्रॅम असेल तर ताशी १५ ग्रॅमचा सेल सहा तास पूर्ण ताकदीने चालवावा लागेल. दुप्पट क्षमतेचा घेतला तर अर्ध्या ताकदीवर चालतो आणि जास्त वर्षं टिकतो.

याने पीएच सतत चढतो, कारण सेलमधून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड बाहेर ढकलतात. आम्ल घालायची तयारी ठेवा. सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर दिसला तरच पातळ आम्लाने धुवा, सवय म्हणून दर महिन्याला नको. प्रत्येक धुण्यात पट्टीवरचा लेपही थोडा जातो. गार पाण्यात, साधारण १५ अंशांखाली, बहुतेक सेल काम थांबवतात. नवीन प्लास्टर असेल तर पहिला महिनाभर मीठ घालू नका. काठाला मऊ दगड असेल तर वाळलेलं खारट पाणी त्याचे पापुद्रे काढतं, म्हणून तो अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा.

ब्रोमीन आणि बाकीचे

ब्रोमीन गरम पाण्यात आणि जास्त पीएचला क्लोरीनपेक्षा चांगलं काम करतं. छताखालच्या गरम टबसाठी योग्य. पूलमध्ये किमान ३ पीपीएम आणि गरम टबमध्ये ४ ते ८ ठेवतात. उघड्यावर मात्र नको, कारण ऊन त्याला खातं आणि स्टॅबिलायझर त्याला वाचवत नाही. शिवाय एकदा ब्रोमाइड पाण्यात गेलं की नंतर घातलेलं क्लोरीनही ब्रोमीनच तयार करत बसतं. मागे फिरायचं तर पाणी बदलावं लागतं.

बायग्वानाइड या क्लोरीन नसलेल्या जंतुनाशकाला वास नाही आणि डोळेही चुरचुरत नाहीत, पण त्याच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, क्लोरीनशी त्याचं अजिबात जमत नाही, आणि काही हंगामांनंतर फिल्टरमध्ये चिकट गुलाबी-पांढरी बुरशी धरू लागते. तांबं-चांदीच्या आयनचं यंत्र शेवाळाला आवरतं, पण जंतू फार हळू मारतं आणि घाम-तेल जाळत नाही. तांबं जास्त झालं की भिंतीवर डाग पडतात आणि पिकलेल्या केसांवर हिरवी छटा येते. अतिनील दिवा आणि ओझोन नळीतून जाणाऱ्या पाण्यापुरतेच काम करतात. दिवा क्रिप्टोस्पोरिडियमवरही चालतो, हे त्याचं खरं मोल. पण पूलमध्ये पोहणाऱ्या दोघांमधल्या पाण्यात दोन्हींचं काहीच नसतं, तिथे क्लोरीन किंवा ब्रोमीन लागतंच. तुरटीने गाळ खाली बसतो आणि पाणी सुंदर दिसतं, जंतू मात्र तिथेच राहतात.

मग घ्यायचं काय?

ऊन भरपूर आणि कुणीतरी रोज घरी असेल तर लिक्विड, त्याबरोबर ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर. लिक्विडचे कॅन उचलणं जमणार नसेल आणि एकदाच खर्च करायची तयारी असेल तर मिठाचं मशीन. लिक्विड ताजं मिळत नसेल आणि पाणी हलकं असेल तर कॅल्शियम हायपो. घर बंद राहणार तेवढे दिवस ट्रायक्लोर. छताखालचा पूल असेल तर स्टॅबिलायझर न घालता लिक्विड. मुलांच्या फुगवायच्या ३,००० लिटरच्या पूलला १ पीपीएमसाठी १० टक्क्यांचं लिक्विड फक्त ३० मिली पुरतं, म्हणून तिथे मोजायला सिरिंजच वापरा, झाकणाने अंदाज करू नका.

तपासणी

निवड बरोबर की चूक हे तपासणीतूनच कळतं. पाण्यात बुडवायच्या तपासणीच्या पट्ट्या वेळ भागवायला ठीक, पण स्टॅबिलायझरसाठी भरवशाच्या नाहीत. नुसता पिवळा रंग दाखवणारं किट मुक्त आणि संयुक्त (घाम-घाणीशी बांधलं गेलेलं) क्लोरीन वेगळं सांगत नाही. डीपीडी (क्लोरीन असलं की गुलाबी होणारं रसायन) वापरणारं, त्यातही थेंब मोजायचं किट घ्या: १० मिली नमुना पावडरने गुलाबी होतो, मग थेंब टाकत जायचं. रंग पूर्ण जायला लागलेला प्रत्येक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम.

साध्या रंग जुळवायच्या डीपीडी किटमध्ये एक फसगत होते. क्लोरीन फार जास्त असेल तर ते गुलाबी रंगच जाळून टाकतं. थेंब पडताच नळीत क्षणभर गुलाबी चमक दिसते आणि पाणी पुन्हा स्वच्छ. माणूस समजतो शून्य, आणि आणखी अर्धा कॅन ओततो. तशी चमक दिसली तर नमुन्यात चौपट स्वच्छ, क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा.

नमुना कोपरापर्यंत हात बुडवून, रिटर्नपासून लांब घ्या. स्टॅबिलायझरच्या चाचणीत गढूळ होणाऱ्या नळीतून तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी भरतात; ती बाहेरच्या उजेडात, सूर्याकडे पाठ करून आणि नळी स्वतःच्या सावलीत धरून करा, दोनदा. महिन्यातून एकदा पुरे. मुक्त क्लोरीन आणि पीएच मात्र हंगामात रोज बघा.

पूलला 'क्लोरीनचा' उग्र वास येत असेल तर क्लोरीन जास्त झालंय असं समजू नका. तो घाम आणि लघवीशी बांधल्या गेलेल्या संयुक्त क्लोरीनचा वास असतो. ते अर्ध्या पीपीएमच्या वर असेल तर क्लोरीन वाढवायचं असतं. शंका असेल तर रात्रीची परीक्षा घ्या: सूर्य मावळल्यावर मुक्त क्लोरीन मोजा, उजाडण्याआधी पुन्हा मोजा. ऊन नसताना १ पीपीएमहून जास्त उतरलं तर पाण्यात काहीतरी वाढतंय, डोळ्याला दिसो न दिसो.

साठवण आणि औषध बदलणं

आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी पाण्यात घालू नका. पंप चालू ठेवून किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. साठवणही वेगवेगळ्या जागी, कोरड्या आणि हवेशीर. लिक्विडचा कॅन पावडरीच्या वरच्या फळीवर नको, गळला तर खालच्या डब्यात उतरतो. प्रत्येक औषधाचा चमचा त्याचाच. हातमोजे आणि चष्मा घाला, डबा उघडताना तोंड बाजूला घ्या. वास घेऊन औषध ओळखायला जाऊ नका.

सगळ्यात वाईट अपघात औषध बदलताना होतात. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपो ही दोन्ही 'क्लोरीनच' म्हणून एकाच फीडरमध्ये (औषध हळूहळू पाण्यात सोडणाऱ्या बंद डब्यात) टाकली जातात. थोड्याशा ओलाव्यात ती एकमेकांवर पेटतात आणि बंद फीडर फुटतो. फ्लोटरमध्ये जुन्या गोळीचा चुरा उरला असेल तरीही हाच धोका असतो. गोळ्या सोडून पावडरीवर जायचं असेल तर जुना फीडर आणि फ्लोटर त्या गोळ्यांबरोबरच बाजूला ठेवा, पावडर त्यात कधीही भरू नका, आणि नव्या बादलीवर, नव्या मापट्यावर औषधाचं नाव पक्क्या शाईने लिहून ठेवा.